शेवटचं कधी पाहिलं

आमच्या गावात माणसं इच्छापत्र करत नाहीत. आळस म्हणा, नाहीतर मरणाचं नाव काढायची धास्ती म्हणा, पण नव्वदीतला म्हातारासुद्धा "बघू पुढच्या वर्षी" म्हणतो, आणि पुढच्या वर्षी त्याची मुलं आमच्या कार्यालयात येऊन बसतात. मी एका दस्तलेखकाकडे अडतीस वर्षं नोकरी केली. मेलेल्याच्या नावावरचं घर जित्याच्या नावावर करून द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी झाडून सगळ्या वारसांचे, सहीच्या जागी मारायचे, नोंदवलेले शिक्के लागतात. एक राहिला तरी कागद जागचा हलत नाही. एका हिबाचीसाठी, कोळशाच्या जुन्या शेगडीसाठी, सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावलेले मी पाहिले आहेत आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवलेही आहे. किताजिमांच्या मिसाओ-सानचं काम हातात आलं आणि माझा हा निवांतपणा संपला.

मिसाओ-सानची आई, फुमिए, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली. घर तिचंच होतं. ती एकुलती एक, नवरा घरजावई, आणि तोही मुलं लहान असतानाच वारलेला. तिने इच्छापत्र केलं नाही ते मात्र आळसापायी नव्हे. आमचे सेन्सेई, म्हणजे माझे साहेब, दोनदा स्वतः तिच्या घरी जाऊन आले. म्हणाले, "आजी, दोन ओळी लिहून ठेवा, मिसाओ-सानचे हाल होतील." म्हातारी म्हणाली, "घर मिसाओला लिहून दिलं, तर तेरुओ आल्यावर झोपेल कुठे?"

तेरुओ हा तिचा थोरला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ओबोनच्या सुट्टीला घरी आला, पितरांना दिवा दाखवला, आणि सोळा तारखेच्या सकाळी नागोयाच्या कारखान्यात परत जायला गाडीत बसला. तो तिथे पोचलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, तिची प्रत फुमिएने देवघराच्या खणात जपून ठेवली होती. सेन्सेईंना ती हे उत्तर देत होती तेव्हा पस्तीस वर्षं उलटून गेली होती.

मिसाओ-सान शाळेत मला चार वर्षं पुढे. शाळा सुटल्यापासून ती कामाबोकोच्या कारखान्यात. आमच्याकडे लग्नात माशाच्या लगद्याचा हातभर लांब मासा करून पाहुण्यांना वाटतात. गुलाबी अंग, पिवळी शेपटी, एकेक खवला पिशवीच्या टोकातून पिळून काढलेला. चव्वेचाळीस वर्षं हे मासे मिसाओ-सानच्या हातचे होते. माझ्या लग्नातलाही तिनेच केलेला. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. कुणी खोचकपणे विचारलं तर तीच आधी हसायची. "माझा मासा अजून पाण्यातच आहे," म्हणायची. गावाने त्यावर हसून घ्यायचं आणि विषय बदलायचा, असं ठरून गेलेलं.

आई गेली आणि तीन वर्षं तिने कागदांना हात लावला नाही. मग एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने मागच्या बाजूचं आढं वाकलं. स्वयंपाकघर त्या आढ्याखाली. गावच्या कचेरीतून पत्र आलं की दुरुस्त करा किंवा उतरवून टाका, आणि मालकाची सही आणा. मालकीण तर देवघरातल्या फोटोत. सुतारही म्हणाला, कागद झाल्याशिवाय मी कौल हलवणार नाही. पुढचा बर्फ पडायच्या आत घर तिच्या नावावर व्हायला हवं होतं, नाहीतर सत्तराव्या वर्षी राहतं घर डोक्यावर यायचं.

"वारस दोन," सेन्सेई तिला म्हणाले. "तुम्ही आणि तुमचे भाऊ. त्यांचा शिक्का हवा."

"तो कुठून आणू?"

"तोच प्रश्न आहे. सात वर्षांहून जास्त पत्ता नसेल तर कोर्टात अर्ज करता येतो. कोर्ट त्यांना गेलेलं धरतं. मग वारस तुम्ही एकट्याच."

"म्हणजे माझ्या भावाला मेलेला म्हणा, असा अर्ज मी करायचा."

"अगदी तसंच नाही, मिसाओ-सान."

"मग कसं?"

सेन्सेईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला त्यांचं हे पुसणं ठाऊक होतं. उत्तर नसलं की काचा मळतात.

जूनमध्ये अर्जाचा मजकूर लिहून घ्यायला मी तिच्या घरी गेले. अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन. स्वयंपाकघरात टेबलावर दोन पानं मांडलेली. मला वाटलं, एक माझं. मी बसायला गेले तर ती चटकन म्हणाली, "तिथे नको, यासुए-चान. इकडे बस."

ते तेरुओचं पान होतं. दूर गेलेल्या माणसाची आबाळ होऊ नये म्हणून घरी त्याचं पान वाढायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. माझ्या आजीने युद्धावर गेलेल्या भावासाठी वाढलं होतं. भात, सूप, लोणचं, जे घरात असेल ते. जेवणं झाली की सूपच्या वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरलेले असले तर माणूस जिवंत आहे. उकळत्या सूपवर झाकण ठेवलं तर थेंब धरणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. देवळातले गुरुजी फुमिएची थट्टा करायचे, आपल्या पंथात असलं काही नाही म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन वाढायची. चाळीस वर्षं तिने वाढलं, आणि ती गेल्यावर मिसाओ-सान वाढत होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण त्या खोलीत मी माझी पिशवी त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवू शकले नाही, मांडीवर घेऊन बसले. मिसाओ-सान मागच्या दाराकडे तोंड करून बसली होती. दाराला कडी नव्हती लावलेली. मध्येच वाऱ्याने दार थरथरलं आणि ती बोलता बोलता अर्धी उठली. "वारा आहे," म्हणाली. मला म्हणाली की आणखी कुणाला, कळलं नाही. थोड्या वेळाने तिने त्या वाटीवरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि घाईने परत ठेवलं. मीही पाहिलं होतं. झाकण कोरडं होतं.

मी लगबगीने कागद काढले. नाव, जन्म, राहण्याचं ठिकाण. मग तो रकाना आला: शेवटचं कधी पाहिलं. पोलिसांच्या प्रतीवरून मी लिहिलं, १६ ऑगस्ट १९७९.

"ते लिहायलाच हवं का?" तिने विचारलं.

"त्याच्यावरच तर सगळं आहे. त्या दिवसापासून सात वर्षं मोजायची. सात पुरी झाली, त्या दिवशी माणूस गेला असं धरायचं."

"म्हणजे शहाऐंशीचा ऑगस्ट."

"हो. आता शिक्का मारा इथे."

तिने डबी उघडली, शिक्क्यावर हं करून वाफ सोडली, शाईत दाबला. हात कागदावर आला आणि तिथेच थांबला. "आज नको," ती म्हणाली. ते शब्द तोंडातून निघाले तशी ती अशी काही पांढरीफटक पडली की मी पाणी आणायला उठले.

तीन दिवसांनी ती कार्यालयात आली. सेन्सेई जेवायला गेले होते, मी टेबलाशी माझा भाताचा गोळा खात होते. ती बसली नाही.

"मी त्याला पाहिलंय, यासुए-चान."

"कुणाला?"

"दादाला. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत. आठ तारखेला."

घास माझ्या हातात राहिला. मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मी मध्ये एकदाच बोलले, हे माझ्या स्वभावात नसूनही.

"त्या वर्षी किती बर्फ पडला होता, आठवतं ना तुला? मला बघायला येणार होते त्या दिवशी. पलीकडच्या बंदरातले, दोरखंडवाले. मी एकतीस वर्षांची. मध्यस्थ काकू म्हणाल्या होत्या, हे शेवटचं स्थळ, यापुढे माझ्याकडे येऊ नकोस. आई त्यांना आणायला स्टेशनवर गेलेली. मी किमोनो नेसून स्वयंपाकघरात चहाची मांडामांड करत होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं. उघडलं, तर दादा."

"कसा होता?"

"वाईट. दाढी वाढलेली, एका बुटाचा तळवा सुटून दोरीने बांधलेला. अंगाला दारूचा वास येत होता. म्हणाला, 'मिसाओ, आई आहे?' मी म्हटलं, आई स्टेशनवर गेलीय. मग त्याने माझ्या किमोनोकडे पाहिलं आणि हसला. 'अरे वा, आज काय आहे ते कळलं मला.' आणि बघ, त्यांना आम्ही सांगितलं होतं की भाऊ नागोयाला आहे, चांगल्या नोकरीत. दहा मिनिटांत ती माणसं दारात आली असती. मी म्हटलं, 'दादा, आज नको. उद्या ये.'"

मी भाताचा गोळा कागदावर ठेवला.

"तो म्हणाला, 'बरं, उद्या येतो.' चिडला नाही की काही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. जाता जाता त्याची नजर टेबलावर गेली. आईने सकाळी त्याचं पान वाढलं होतं, ते तसंच होतं. भात, सूप, माशाचा तुकडा. त्याने विचारलं, 'हे कुणाचं पान?' मी म्हटलं, 'पाहुण्यांचं.'"

ती माझ्या टेबलावरच्या भाताच्या गोळ्याकडे बघत होती.

"त्याचंच होतं गं ते. आठ पावलांवर होतं. तो उपाशी होता, मला दिसत होतं. आणि मी त्याला त्याचंच पान दिलं नाही, पाहुण्यांचं म्हणाले. तो गेला. दोरखंडवाल्यांनी आठवड्याने नकार कळवला. त्यांना भावाचं आधीच कळलं होतं कुठूनतरी. म्हणजे ज्यासाठी मी हे केलं, तेही झालं नाही."

मला तिचा राग आला. खरं सांगते, दया नंतर आली, आधी राग आला. "आणि आईला सांगितलं नाहीत? पस्तीस वर्षं ती बाई झाकणं उघडून बघत राहिली, आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होता?"

"उद्या तो आला की आपोआप कळेल, असं वाटलं. उद्या आला नाही. परवा आला नाही. आठवडा गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? आणि त्या दिवशी संध्याकाळी तिने झाकण उचललं आणि मला म्हणाली, 'बघ मिसाओ, आज खूप थेंब आहेत, तो जवळच कुठेतरी असणार.'"

मी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

सेन्सेई आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकिली सुरू केली. "मालमत्तेला याने काडीचा फरक पडत नाही. ऐंशीतली तारीख धरा नाहीतर नव्वदीतली, दोन्ही तुमच्या आईच्या आधीच्या. घर तुमचंच. जुनी तारीख पोलिसांच्या कागदावर आहे, कुणी काही विचारणार नाही, शरदात निकाल हातात. नवी लिहिलीत तर कोर्टाचा तपासनीस बसवून विचारेल, पुरावा काय, इतकी वर्षं का लपवलं. महिने जातील. तोवर बर्फ पडेल."

मीही त्यांचीच री ओढली. म्हटलं, "मिसाओ-सान, आता त्याला काय नि आईला काय. घर वाचवा." हे मी म्हटलं होतं, ते इथे सांगून टाकते.

ती म्हणाली, "तो आला होता. त्याने दार वाजवलं होतं. हे कुठेतरी लिहिलेलं असू दे."

मग मी तो कागद फाडला आणि नवा केला. शेवटचं कधी पाहिलं: ८ फेब्रुवारी १९८४. कुणी: धाकट्या बहिणीने. त्यावर तिने शिक्का मारला.

सेन्सेई म्हणाले होते तसंच झालं. ऑगस्टमध्ये तपासनीसाने तिला दोनदा बोलावलं. मी बाहेर बाकावर बसायची. ती बाहेर यायची तेव्हा कारखान्यात दुहेरी पाळी करून आल्यासारखी दमलेली असायची. "काय विचारलं?" म्हटलं तर सांगायची, "बूट कुठल्या पायाचा फाटला होता, विचारलं. मी म्हटलं, डाव्या." ऑक्टोबरच्या शेवटी सरकारी राजपत्रात सूचना छापून आली: किताजिमा तेरुओ यांनी फेब्रुवारीच्या अमुक तारखेपर्यंत आपण हयात असल्याचं कळवावं, न कळवल्यास त्यांना मृत धरण्यात येईल. ते राजपत्र कोण वाचतं? पण मिसाओ-सानने माझ्याकडून ते पान मागून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचलं.

ते चार महिने ती वाट बघत होती, आणि तो येईल म्हणून भीतही होती. मी दर रविवारी जायची. ती पान वाढायची, झाकण उचलायची, मला काही सांगायची नाही. जानेवारीत एका सकाळी गेले तर ती मागच्या दारात उभी. रात्री ताजा बर्फ पडला होता, आणि गल्लीतून दारापर्यंत पावलं उमटलेली होती.

"मीटरवाला असेल," मी म्हटलं.

"मीटर पुढच्या बाजूला आहे."

"मग पेपरवाला."

"मी पेपर घेत नाही."

मी वाकून पाहिलं. पावलं दारापर्यंत होती. परत जाणारी दिसली नाहीत, पण वरून बर्फ पडत होता, पुसली गेली असतील. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "दार उघडं होतं रात्रभर. नुसतं ढकलायचं होतं." तिच्या आवाजात इतकी लाचारी होती की मी केरसुणी घेऊन ती पावलं झाडून टाकली. तिने मला अडवलं नाही, नुसती बघत राहिली. ते मी करायला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात, ती मासळीबाजारात गेली असताना, भरदुपारी आढं मोडलं आणि मागची बाजू खाली आली. स्वयंपाकघर, टेबल, भिंतीवरचं ते पान, मागचं दार, सगळं कौलांच्या नि बर्फाच्या ढिगाखाली गेलं. जुनी तारीख लिहिली असती तर ते स्वयंपाकघर तोवर दुरुस्त झालं असतं. मी हे तिला बोलून दाखवलं नाही. तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं. ती पुढच्या खोलीत देवघराशेजारी चूल मांडून राहू लागली.

मुदत संपली. कुणी काही कळवलं नाही. मार्चमध्ये निकाल आला आणि दहा दिवसांच्या आत तो गावच्या कचेरीत नोंदवायला अर्जदारालाच जावं लागतं, म्हणून आम्ही दोघी गेलो. खिडकीतला कारकून नवा होता. कागद बघून त्याला सांत्वन करावं की नाही ते कळेना, मान अर्धी झुकवून त्याने ती पुन्हा वर केली. मिसाओ-सानने त्याला तारीख मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली.

"मृत्यू धरल्याची तारीख, ८ फेब्रुवारी १९९१," तो म्हणाला. "बसा जरा, नोंद झाली की हाक मारतो."

आम्ही बाकावर बसलो. ती बोटांवर मोजत होती. "आधीच्या तारखेने सदतीसचा गेला असता. आता एक्केचाळीसचा."

मला वाटलं, हिला बरं वाटेल असं काही सांगावं. अडतीस वर्षं मी लोकांना कागद वाचून दाखवत आले, तेवढंच मला येतं. म्हटलं, "बघा, खरं सांगितलंत म्हणून साडेचार वर्षं मिळाली त्याला."

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तू लिहिलंस ना गं सगळं, मग नीट वाच की. जुन्या तारखेने तो नागोयाच्या गाडीत हरवला होता. आईचा, माझा, गावाचा, सगळ्यांचा मिळून हरवला होता. आता त्याचं मरण कुठून मोजलंय? माझ्या दारातून तो वळला, तिथून."

"मिसाओ-सान, तसं कुणी वाचणार नाही."

"मी वाचेन," ती म्हणाली. "इतकी वर्षं आई त्याला गाडीत शोधत होती. तो गाडीत नव्हताच."

खिडकीतून कारकुनाने किताजिमा-सान म्हणून हाक मारली. या नावाला ओ देणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते उठून गेलं.